जुन्या साडीचा हिशेब

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या वर्धापनदिनी ‘टाकाऊतून टिकाऊ’ या विषयावर मी बोलावे, असे कार्यकारिणीने ठरविले. हा विषय निघाला की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे रिकाम्या बाटलीला लोकर गुंडाळून केलेली फुलदाणी उभी राहते. तसल्या वस्तू मी करीत नाही आणि त्यांविषयी सांगणारही नाही. त्या दोन महिने कपाटावर धूळ खातात आणि पुन्हा टाकाऊतच जमा होतात. मी बोलणार आहे ते अंगावर घालावयाच्या, अंगावर घ्यावयाच्या आणि बाजारात हातात धरून न्यावयाच्या वस्तूंविषयी. त्या जुन्या कापडाच्या असतात आणि सुईने, मशीनने किंवा क्रोशाने केलेल्या असतात. शेवटी थोडा हिशेबही सांगणार आहे. तो ऐकल्याशिवाय कोणी चहाला उठू नये, ही विनंती.

आपल्या रहाटणीत जुन्या कापडाला तोटा नाही. गावातली जुनी घरे आहेत, नखाते वस्तीतली भाड्याची बिऱ्हाडे आहेत, कोकणे चौकाकडच्या मोठमोठ्या सोसायट्या आहेत. प्रत्येक ठिकाणचे जुने कापड निराळे. गावातल्या आजीबाईंच्या पेटीत नऊवारी सुती लुगडी सापडतात. सोसायटीतून येतात ते कपडे पुष्कळदा दोनतीनदाच घातलेले असतात. बटण तुटले म्हणून टाकलेला सदरासुद्धा मी पाहिलेला आहे. आणि आपल्या वस्त्यांतून निघतात कंपनीचे गणवेश. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ झाले आणि पुढे पिंपरी, चिंचवड, भोसरी, नंतर चाकण असे कारखाने वाढत गेले. बीड, लातूर, सोलापूर, जळगाव अशा जिल्ह्यांतून माणसे आली. त्यांच्या घरात आज दर दोन वर्षांनी खाकी, करडे, निळे सदरे आणि पँटी रिकाम्या होतात. हे कापड मिश्र धाग्याचे असते, अंगाला गरम होते. पण विटत नाही आणि फाटत नाही. पिशवीला यासारखे कापड नाही. फक्त खिशावरचे कंपनीचे नाव आधी उसवून काढावे.

याशिवाय पिंपरी कॅम्पातल्या शिंप्यांकडे कात्रण मिळते. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी ही बाजारपेठ उभी केली. ब्लाउजपीसचे उरलेले तुकडे, अस्तराच्या पट्ट्या, काठाचे शेवट असे पुष्कळ काही पोत्यात भरलेले असते आणि वजनावर मिळते. पुण्याच्या जुन्या बाजारात तयार कपडे मिळतात. आणि आपल्या दारावर येते ती बोहारीण.

बोहारणीविषयी दोन शब्द जास्त बोलते. तीन साड्या घेऊन एक पातेले दिले की आपण म्हणतो, फसवले हिने. परंतु ती त्या साड्यांचे काय करते ते पाहावे. या कामात बहुतेक वाघरी समाजाच्या स्त्रिया आहेत. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन दिवसभर जिने चढावयाचे, मिळालेले कपडे निवडावयाचे, धुवावयाचे, उसवले असेल तेथे टाका घालावयाचा, इस्त्री करावयाची आणि मग बाजारात मांडावयाचे. आपण ज्याला जुने म्हणून हातावेगळे केले, त्यास ती पुन्हा किंमत आणते. जे अगदीच फाटके, ते चिंधी म्हणून विकले जाते आणि फिरून आपल्याच भागातल्या कारखान्यांत येते. यंत्रावरचे तेल आणि कामगारांचे हात पुसावयास तेथे सुती चिंधी लागतेच. घरच्या माणसाला विचारून पाहा, सुती चिंधी आणि नायलॉनची चिंधी यांतला फरक तो चटकन सांगेल. नायलॉन तेल टिपतच नाही.

तोच फरक आपल्याला शिवण्याआधी ओळखता आला पाहिजे. कापडाच्या कडेचा एक धागा ओढून काढावा, चिमट्यात धरावा आणि काडी लावावी. सुताला कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राख पडते. लोकर आणि रेशीम यांना केस जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टर वितळते व त्याचा काळा कडक मणी होतो. मिश्र कापडात राखही असते आणि मणीही. ही परीक्षा मोरीत किंवा ओट्यावर, जवळ पाण्याचा तांब्या ठेवूनच करावी.

आता साडी. जुनी साडी हाती आली की लगेच कात्री लावू नये. ती दोघींनी धरून खिडकीसमोर उजेडात ताणावी. जेथे उजेड जाळीसारखा दिसेल तेथले सूत संपले. सहावारीचा खालचा काठ टाचेशी घासून जातो, कमरेला खोचलेला पट्टा विरतो आणि खांद्यावरच्या पदराला पिनेची भोके पडतात. नऊवारीत काष्ट्याचा आणि बसण्याचा भाग आधी जातो. हे भाग खडूने खुणा करून वगळले तरी पुष्कळ कापड शिल्लक राहते. त्यातून मुलीचा परकर, उशीचे अभ्रे, ब्लाउजचे अस्तर सहज निघते. कापताना उभ्या धाग्याशी इमान राखावे. तिरके कापले तर जुने कापड नव्यापेक्षा लवकर ओढले जाते. मशीनला चौदा नंबरची सुई पुरे. जीन्स किंवा गणवेशाच्या दोनचार घड्या असतील तर सोळा नंबरची घालावी. जीन्सचे गुडघे आणि बैठक गेलेली असते, पण पोटरीकडचा भाग कोरा असतो. दोन्ही पायांचे ते तुकडे जोडले की बाजाराची पिशवी होते. महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हापासून या पिशव्यांना मागणी आहे. आतून शिवण दोनदा मारावी आणि बंद पिशवीच्या तोंडाशी नुसता न जोडता चार बोटे खाली उतरवून चौकोनी टीप घालावी. कांदेबटाट्याचे ओझे बंदावर येते, कापडावर नाही.

तान्ह्या मुलाच्या कपड्यांत तर जुने कापड नव्याहून चांगले. आपल्याकडे बाळाला पहिले दुपटे आजीच्या लुगड्याचे करतात. त्यात माया आहे, तसे शहाणपणही आहे. शेकडो वेळा धुतलेल्या सुताची खळ निघून गेलेली असते आणि ते नाजूक कातडीला टोचत नाही. झबले, टोपडे, कुंची, लंगोट या सर्वांना जुने सुतीच वापरावे. मात्र तीन गोष्टी ध्यानात ठेवा. डांबरगोळ्यांत ठेवलेले कापड पेटीतून काढून तसेच बाळाच्या अंगाला लावू नये. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एक दोष असतो आणि अशा बाळांना त्या गोळ्यांच्या वाफेने कावीळ होते, असे डॉक्टर सांगतात. ते कापड गरम पाण्याने धुवावे आणि दोनतीन दिवस कडक उन्हात ठेवावे. दुसरे, विकतच्या जुन्या कपड्यांची बटणे बाळाच्या कपड्याला लावू नयेत, बंद लावावेत. तिसरे क्रोशाच्या मोज्यांविषयी. मोजा उलटा करून आतले सुटे दोरे मुळापाशी कापावेत आणि वीण घट्ट ठेवावी. सुटा दोरा बाळाच्या बोटाला गुंडाळला गेला तर बोट सुजते, बाळ रडत राहते आणि रडण्याचे कारण कोणाला सापडत नाही.

क्रोशाचा विषय निघालाच आहे तर सांगते. क्रोशे हा शब्द फ्रेंच, त्याचा अर्थ लहान आकडा. ही कला आपल्याकडे युरोपातून आली आणि शाळांतून, मिशनांतून घरोघर पसरली. रुखवतात क्रोशाचा रुमाल आणि तोरण नसेल तर अजूनही चार बायका कुजबुजतात! पण ज्यांच्याकडून ती आली त्यांची ती हौस नव्हती. आयर्लंडात १८४५ पासून बटाट्याचे पीक सडत गेले आणि मोठा दुष्काळ पडला. तेव्हा कितीतरी घरे बायकामुलींनी विणलेल्या क्रोशाच्या लेसवर जगली.

आपण बहुधा नवा दोरा आणून विणतो. परंतु जुन्यातून सूत काढता येते. जुना बनियनच्या कापडाचा शर्ट घ्यावा, काखेखाली आडवा कापावा आणि उरलेल्या नळीची बोटभर रुंदीची एकच लांब पट्टी गोल गोल कापत जावी. पट्टी दोन्ही हातांनी ताणली की तिच्या कडा आत वळतात आणि जाड दोरीसारखे सूत तयार होते. मोठ्या माणसाच्या शर्टाची पंधरासोळा मीटर पट्टी निघते, ताणल्यावर आणखी वाढते. जाड सुईने साखळी व मुका खांब एवढेच घालत गेले तरी पायपुसणे, टोपली, हातपिशवी होते. नवशिकीला हेच द्यावे. टाके मोठे दिसतात आणि काम लवकर पुढे सरकते.

स्वेटर उसवण्यात मात्र पारख लागते. जुन्या बाजारात स्वेटर घेताना रंग पाहण्याआधी तो उलटा करून बाजूची शिवण पाहावी. दोन अखंड कडा साखळीने जोडलेल्या असतील तर तो उसवला जातो आणि लोकर सलग मिळते. कडा कापून त्यावर ओव्हरलॉक मारलेले असेल तर प्रत्येक ओळीला लोकर तुटलेली आहे असे समजावे आणि तो खाली ठेवावा. कितीही स्वस्त असला तरी! उसवताना गळ्याकडून खाली यावे. निघेल ती लोकर खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करावी, चार ठिकाणी सैल बांधावी, कोमट पाण्यात बुडवून काढावी आणि खाली लहानसे वजन लटकावून सावलीत वाळवावी. कुरळेपणा जातो. मग हलक्या हाताने गुंडा करावा. घट्ट गुंडाळली तर लोकर ताणलेली राहते आणि विणलेला कपडा पहिल्या धुण्यात आखडतो.

आता गोधडीकडे येते, कारण हिशेब तेथूनच सुरू होतो.

गोधडी म्हणा, वाकळ म्हणा. बंगालात कांथा आहे, बिहारात सुजनी, सिंधमध्ये रल्ली. जेथे जेथे बायकांनी फाटकी वस्त्रे पाहिली तेथे तेथे त्यांनी एकावर एक थर घालून धावदोरा घातला. अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड नावाचे एक खेडे आहे. तेथल्या काळ्या शेतमजूर स्त्रिया शेतात झिजलेल्या पँटींच्या गोधड्या करीत, अगदी आपल्या कंपनीच्या गणवेशांसारख्या. १९४२ मध्ये तेथल्या मिसूरी पेटवे या बाईने नवरा गेल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. २००२ साली त्या खेड्यातल्या गोधड्या ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत भिंतीवर चित्रांसारख्या लावल्या गेल्या. माझ्या पुतणीने मला त्यांची छायाचित्रे दाखविली. गुडघ्याच्या जागी जेथे खिसा किंवा ठिगळ होते, तेथला रंग न विटता गडद राहिलेला स्पष्ट दिसतो. आपल्याकडच्या कितीतरी गोधड्यांत तसे दिसते. आपण त्याकडे कधी पाहिलेले नसते इतकेच.

तर एक साधी, एका माणसाची गोधडी घेऊ. नऊवारी लुगडे सुमारे आठ मीटर लांब. त्याच्या चार घड्या केल्या की दोन मीटर लांब आणि साधारण सव्वा मीटरच्या आत रुंद, असे चार थर होतात. वर तुकड्यांचा एक थर. आता धावदोऱ्याच्या ओळी बोटाबोटाच्या अंतरावर, म्हणजे दोन सेंटीमीटरवर घातल्या तर रुंदीत साठ ओळी बसतात. प्रत्येक ओळ दोन मीटर. एकूण शिवण एकशेवीस मीटर. टाका आणि त्यामागची जागा मिळून एक सेंटीमीटर धरले तर बारा हजार टाके झाले. पाच थरांतून सुई ओढावयाची असते. तासाला चार मीटरच्या वर माझा हात चालत नाही, आणि माझा हात हळू आहे असे कोणी म्हणणार नाही. म्हणजे नुसती शिवण तीस तास. कापड धुणे, विरलेले वगळणे, तुकडे जुळविणे, कच्चा टाका घालणे यांस आणखी दहा तास. एका गोधडीस चाळीस तास लागले. हे सातवीतले गणित आहे, मी तेवढीच शिकले आणि ते येथे पुरते.

गेल्या प्रदर्शनात आपल्या टेबलावर अशा गोधडीस आठशे रुपये किंमत लावली होती. एक बाई आल्या, हात फिरवला, म्हणाल्या, “सुरेख आहे हो, पण जुन्याच साड्यांची ना? पाचशेला द्या.” आठशेला चाळीसने भागले तर तासाचे वीस रुपये होतात. पाचशेला दिली असती तर साडेबारा. त्या बाईंचा मला राग आला नाही. त्यांनी कापडाची किंमत केली. बारा हजार टाके त्यांना दिसले नाहीत, कारण ते आपणच त्यांना कधी मोजून दाखविलेले नव्हते.

दुसरा प्रसंग एका व्यापाऱ्याचा. दोन वर्षांपूर्वी तो आपल्या वस्तीत आला. क्रोशाच्या लहान पर्सेस हव्या होत्या. दोरा तो देणार, नमुना तो देणार, एका पर्सचे चाळीस रुपये. एका पर्सला पाच तास लागतात. आठ रुपये तास. आपल्यातल्या काहीजणींनी काम घेतले, आणि त्यांना नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. महिनाअखेरीस चाळीस रुपयेसुद्धा चाळीसच असतात. मी त्याला विचारले, इतके कमी का? तो सहज म्हणाला, “ताई, हे काय कारखान्यातले काम आहे का? टीव्ही बघता बघता फावल्या वेळात होते.” ती पर्स तो साडेतीनशेला विकत होता. आम्ही चौघींनी मिळून दर वाढवून मागितला, तेव्हा तो दुसऱ्या वस्तीत गेला.

‘फावला वेळ’ हे शब्द त्या दिवसापासून माझ्या कानात बसले आहेत. आंध्रात नरसापूर म्हणून गाव आहे. तेथे १८४४च्या सुमारास स्कॉटलंडच्या एका मिशनरी जोडप्याने बायकांना क्रोशाची लेस शिकविली आणि ती पुढे परदेशांत जाऊ लागली. मारिया मीस नावाच्या जर्मन विदुषी १९६०च्या दशकात आपल्या पुण्यातच मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकवीत होत्या. पुढे त्यांनी नरसापूरच्या या बायकांमध्ये राहून अभ्यास केला आणि १९८२ साली त्यावर पुस्तक लिहिले. पुतणीने मला त्यातले वाचून समजावून सांगितले. घरचे सगळे करून या बायका दिवसाचे सहा ते आठ तास विणीत आणि त्याबद्दल त्यांच्या पदरात त्या वेळी दिवसाला एक रुपयाही पडत नसे. लेस जहाजातून जात होती, व्यापाऱ्यांचे वाडे उठत होते. आणि सगळे म्हणत, या तर गृहिणी, घरी बसून फावल्या वेळात विणतात. त्या बायकाही तसेच म्हणत, कारण घराबाहेर मजुरीस न जाणे हा त्यांच्या घराचा मान होता. म्हणजे मान घराचा, विणणे बाईचे आणि पैसा तिसऱ्याचा. नरसापूरच्या त्या लेसला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आनंदाची गोष्ट आहे. त्यातून विणणारणीच्या हातावर काय वाढून पडते, ते मात्र मानांकनाच्या कागदावर लिहिलेले नसते.

याच्या उलट एक गोष्ट अहमदाबादची आहे आणि ती तर चिंध्यांचीच आहे. तेथे कापडगिरण्यांतल्या चिंध्या व्यापारी विकत घेत आणि वस्तीतल्या मुसलमान बायकांकडून त्यांच्या रजईच्या खोळी शिवून घेत. चिंध्या त्याच्या, मजुरी तो ठरवील ती. इला भट्ट यांनी १९७२ साली ‘सेवा’ ही स्त्रियांची संघटना काढली होती. तिच्या मदतीने या बायकांनी मजुरी वाढवून मागितली. व्यापाऱ्यांनी कामच बंद केले. मग बायकांनी गिरणीकडून थेट चिंध्या घेतल्या, स्वतः शिवल्या, स्वतः विकल्या आणि आपली सहकारी संस्था उभी केली. तिचे नाव सबीना. हे सरळ झाले असे नव्हे. गिरणीची चिंधी मिळविण्यासाठीसुद्धा त्यांना भांडावे लागले, कारण चिंधीलाही तोलून घेणारे मोठे गिऱ्हाईक असतेच.

येथून फार लांब जाण्याचेही कारण नाही. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे यांनी सेवासदन सुरू केले, तेव्हा शिवणाचे वर्ग त्यांनी रुखवतासाठी काढले नव्हते. विधवा, परित्यक्ता, गरीब बाईला आपल्या हातावर उभे राहता यावे, हा हेतू होता. पुढे घरोघर पायमशीन आले तसा तो हेतू मागे पडला. मशीन नवऱ्याने हौसेने आणलेले आणि शिवणे शेजारणीचे फुकटचे, असे होऊन बसले. “जरा फॉलबिडिंग करून देतेस का गं?” हा प्रश्न येथल्या प्रत्येक मशीनवालीने ऐकलेला आहे. ‘जरा’ म्हणजे एक तास.

कोणी म्हणेल, म्हणजे काय, नातवाच्या कुंचीचेही पैसे लावावयाचे? नाही हो. जे आपण आपल्या माणसांसाठी करतो त्याचा हिशेब मागणारी मी कोण? माझ्या आजीच्या वेळी लढाई चालू होती, १९४३ पासून कापडावर सरकारी नियंत्रण आले, आणि ती सांगे की कंट्रोलचे कापड आणावयास रांगेत उभे राहावे लागे. त्या दिवसांत तिने एका लुगड्याचे आधी परकर, मग झबली, मग दुपटे आणि शेवटी पोतेरे केले. त्याची किंमत ती कोणाला सांगणार? पण मंडळाच्या टेबलावर वस्तू मांडली की ती बाजारात आली. तेथे माया विकत नाही, तास विकतो.

दुसरीचे म्हणणे असेल की तासाचे पैसे लावले तर कोणी घेणार नाही. ही शंका खरी आहे. गोधडीची किंमत दोन हजार सांगितली तर रहाटणीतल्या दहा बायकांपैकी नऊ पुढे जातील. म्हणून माझे म्हणणे असे की वस्तू निवडताना आधी तास पाहावेत. गणवेशाच्या कापडाची पिशवी मशीनवर सव्वा तासात होते आणि ती दीडशेला लोक आनंदाने घेतात. बनियनच्या पट्टीचे पायपुसणे तीन तासांत होते. ही आपली रोजची कमाई. गोधडी मात्र सांगितल्याशिवाय करू नये. ज्याला हवी त्याने आपल्या आईची, आजीची लुगडी आणून द्यावीत, निम्मे पैसे आधी द्यावेत आणि दीड महिना थांबावे. सोसायटीतल्या दोन घरांनी मला अशी कामे दिली आहेत आणि घासाघीस केली नाही. आईचे लुगडे हातात असताना माणूस घासाघीस करीत नाही, असा माझा अनुभव आहे. मशीनवर गोधडी मारून स्वस्त करावी असे काहीजणी सुचवितात. करावी, परंतु तिला हाताची म्हणून विकू नये. मशीनच्या टाक्याने थर कडक होतात आणि पहिल्या थंडीतच गिऱ्हाइकाला कळते.

तेव्हा पुढच्या प्रदर्शनापासून तीन गोष्टी कराव्यात, असे मी कार्यकारिणीस सुचविते आणि अध्यक्षाताईंनी त्यावर बैठकीत विचार करावा. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लावावी: कापड कोठले, किती तास लागले, किंमत किती. तासाचा एक दर मंडळाने ठरवावा आणि त्याखाली कोणी विकू नये, म्हणजे एकीचा भाव दुसरीने पाडावयाचा नाही. बाहेरचा व्यापारी आला तर त्याने मंडळाशी बोलावे, घरोघर जाऊन एकेकीशी नव्हे. आणि बोहारणीकडून आपण साड्या घेतल्या तर तिलाही तिने सांगितलेले पैसे द्यावेत. तिचेही तास आहेत.

येत्या रविवारपासून दुपारी दोन ते चार मी येथेच स्वेटर उसवणे आणि गोधडीची जुळणी शिकविणार आहे. येताना एक जुने सुती लुगडे किंवा साडी धुऊन आणावी, कात्री आपापली आणावी, आणि घरात घड्याळ असेल तर काम कधी धरले व कधी ठेवले ते वहीत लिहिण्यास आजपासूनच सुरुवात करावी. मुलांना आणले तरी चालेल, सुया मात्र डब्यात ठेवाव्यात.